तीस सेकंदांची जाहिरात: आधी पुरावा आणि परवानगी, मग कॅमेरा

मास मीडियाच्या अभ्यासक्रमात एखाद्या स्थानिक उत्पादनाची तीस सेकंदांची जाहिरात करून द्यावीच लागते. मुलं कॅमेरा घेऊन निघतात, दोन दिवस शूट करतात, गाजलेल्या गाण्याच्या ठेक्यावर एडिट बसवतात आणि सबमिशनच्या आदल्या रात्री विचारतात, ‘सर, हे गाणं चालेल ना?’ तोवर प्रत्येक कट त्या ठेक्यावर बसलेला असतो. गाणं काढलं की जाहिरात विस्कटते. ‘पित्तावर रामबाण’ या ओळीचंही तसंच. ती काढायची तर व्हॉइसओव्हर पुन्हा करावा लागतो. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे: कागदपत्रं आधी, पटकथा त्यांच्या चौकटीत आणि शूट त्यानंतर.

उदाहरण म्हणून सिंधुदुर्गातल्या एखाद्या महिला बचत गटाचं कोकम आगळ घेऊ. वस्तू साधी असली तरी खाद्यपदार्थांचे नियम, भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या वस्तूला मिळणारी कायदेशीर ओळख), लोककला आणि कॅमेऱ्याला न झेपणारा लाल रंग असं सगळं या एका बाटलीत सापडतं.

पहिल्या भेटीत बाटली मागा

‘जाहिरात कशी हवी?’ असं विचारू नका. ‘चांगली करा’ एवढंच उत्तर येतं. बाटली हातात घ्या आणि लेबलचे चारही बाजूंनी फोटो काढा. उत्पादनाचं नेमकं नाव, घटकांची यादी, वजन, एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेचा १४ अंकी क्रमांक आणि वापरण्याचं प्रमाण टिपून ठेवा. यादीत सोडियम बेन्झोएट हे प्रिझर्व्हेटिव्ह किंवा त्याचा आकडा आयएनएस २११ दिसला, की ‘एकही प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ ही ओळ तिथेच मेली.

वस्तू नीट समजून घ्या. आगळ म्हणजे मिठात मुरलेला रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, रस. अमृत कोकम म्हणजे साखरेत मुरवलेल्या सालींचा पाक. सोलं, म्हणजे आमसुलं, ही रसात पुन्हापुन्हा भिजवून उन्हात वाळवलेली साल. शहरातला लेखक हे तिन्ही एकच समजून ‘फक्त पाणी घाला, सरबत तयार’ लिहून मोकळा होतो. आगळाच्या बाबतीत तसं केलं तर गिऱ्हाईक खारट पाणी पिऊन शिव्या घालेल.

रातांबे एप्रिल-मेमध्ये उतरतात आणि जाहिरात मात्र मार्चमध्ये लागते. तुमचं सत्र डिसेंबरात संपणार असेल तर झाडावरची लाल फळं विसरा. बाटली, पेला, हात, स्वयंपाकघर यांतून गोष्ट सांगा. दुसऱ्याच्या रीलमधला झाडाचा शॉट उचलणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

मग चार प्रश्न विचारा. कोणाला विकायचं? पाहणाऱ्याने पुढे काय करायचं, म्हणजे फोन करायचा की दुकानात मागायचं? जाहिरात कुठे दिसणार? आणि किती काळ? शेवटच्या दोन प्रश्नांवर सगळे हक्क ठरतात. इंटरनेटवर टाकली की ती जगभर दिसते, त्यामुळे ‘फक्त महाराष्ट्रापुरती’ घेतलेली परवानगी कुचकामी ठरते. केबलवर दाखवायची तर केबल टेलिव्हिजन नियम, १९९४ मधली जाहिरात संहिता लागू होते. सिनेमागृहात दाखवायची तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं.

याच भेटीत मालकीही ठरवून घ्या. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला देऊन कोणी फिल्म करून घेतली आणि वेगळा करार नसला, तर पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे बचत गटाने खर्चापोटी पाच हजार दिले आणि लेखी काहीच केलं नाही, तर ती फिल्म तुमच्या शोरीलमध्ये, म्हणजे कामाच्या नमुन्यांत, लावायचा हक्कही तुमच्याकडे राहत नाही. करारात एक ओळ घाला: ‘निर्मात्या विद्यार्थ्यांना ही फिल्म आपल्या कामाचा नमुना म्हणून दाखवता येईल.’ मोबदला नसेल तर प्रश्न वेगळा होतो. कायद्याच्या दृष्टीने फिल्मचा कर्ता हा निर्माता असतो, दिग्दर्शक नव्हे, आणि पुढाकार व जबाबदारी घेतो तो निर्माता. पाच जणांच्या गटात तो नेमका कोण, हे शूटच्या आधी कागदावर आलं पाहिजे. कॉलेजच्या प्रवेश अर्जात याबद्दल काही अट आहे का, तेही पाहून घ्या.

प्रत्येक विशेषणासमोर पुरावा

पटकथेआधी कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे जाहिरातीत जे म्हणायचं आहे ते, उजवीकडे त्याचा पुरावा. ज्याच्यासमोर उजवा रकाना रिकामा, ते वाक्य जाहिरातीत येणार नाही. बचत गटाच्या ताईंनी सांगितलेली वाक्यं या चाळणीतून काढली, की साधारण असं चित्र दिसतं:

‘मधुमेहावर गुणकारी’ हे थेट बाद. औषधे आणि जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ च्या अनुसूचीत रोगांची यादीच दिलेली आहे आणि मधुमेह त्यात आहे.

‘पित्त कायमचं जातं’ हेही बाद, कारण अन्नपदार्थाने रोग बरा होतो असा दावा करता येत नाही. ‘जेवणानंतर कोकणात हेच पितात’ हे चालतं. ती सवय आहे, उपचार नाही.

‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘अस्सल’, ‘पारंपरिक’ हे शब्द निरुपद्रवी वाटतात, पण एफएसएसएआयच्या २०१८ च्या जाहिरात व दावे नियमांनी त्यांनाही अटी घातल्या आहेत. गट नवा असेल तर माझा सल्ला सरळ आहे: हे शब्द टाळा आणि कृती दाखवा. सोलं उन्हात वाळताना दिसली, की ‘पारंपरिक’ म्हणायची गरजच उरत नाही.

‘कोकणातलं नंबर वन’ म्हणायचं तर विक्रीची तुलनात्मक आकडेवारी हवी. ती नसतेच.

‘सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकम’ला भौगोलिक मानांकन आहे. माल त्याच भागातला असला तरी मानांकनाचं बोधचिन्ह वापरण्यासाठी उत्पादकाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. नोंदणीचा कागद पाहिल्याशिवाय ते चिन्ह चौकटीत घेऊ नका.

‘दोन बाटल्यांवर एक फ्री’ असेल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांकडे पाहा. पोहोचवण्याच्या अपरिहार्य खर्चाखेरीज गिऱ्हाइकाला आणखी काही मोजावं लागत असेल, तर त्याला फुकट म्हणता येत नाही. अट लिहायची ती दाव्याच्याच भाषेत. दावा मराठीत आणि अटी खाली बारीक इंग्रजीत, ही जुनी चलाखी आता नियमभंग ठरते. दावा आवाजात असेल, तर तो उच्चारला जात असतानाच अट पडद्यावर दिसली पाहिजे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, पुन्हा तीच चूक झाली तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि तो शिफारस करणाऱ्या चेहऱ्यालाही लागू होतो. वर्गातल्या मैत्रिणीला ‘मी गेली पाच वर्षं हेच वापरते’ म्हणायला लावण्याआधी हे आठवा. ग्राहक म्हणून कॅमेऱ्यासमोर बसलेली व्यक्ती खरोखर ग्राहकच असली पाहिजे. याच्या जोडीला ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ही १९८५ साली स्थापन झालेली, मुंबईत मुख्यालय असलेली उद्योगाची स्वनियमन संस्था आहे. तिची संहिता छोटी आहे. पटकथा लिहिण्याआधी एकदा वाचून काढा.

महाराष्ट्रात हमखास होणारी एक चूक इथेच सांगायला हवी. मालवणच्या मालाची जाहिरात म्हटलं की किल्ला येतो आणि पाठोपाठ महाराजांचं चित्र. बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) कायदा, १९५० च्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र स्पष्टपणे नोंदलेलं आहे. व्यापारी कामासाठी ते वापरता येत नाही. भावना कितीही चांगली असो.

पटकथा: साठ शब्द

तीस सेकंद म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या वेगाने ७५० फ्रेम. मराठी सहज बोललं तर सेकंदाला दोन, फार तर अडीच शब्द जातात. शेवटचे तीन सेकंद बाटली आणि फोन नंबरसाठी राखले की हातात २७ सेकंद उरतात. म्हणजे कमाल मर्यादा साठ शब्दांची आणि पंचेचाळीस असतील तर फारच उत्तम. पहिल्या मसुद्यात शंभरच्या वर जातातच. मग निवेदकाला घाई करायला लावतात आणि जाहिरात निवडणुकीच्या प्रचाररिक्षासारखी ऐकू येते.

पान दोन रकान्यांत आखा, डावीकडे दृश्य आणि उजवीकडे आवाज. पहिले बारा सेकंद असे लिहिता येतील:

० ते ४ सेकंद. दृश्य: अंगणातल्या सुपात वाळणारी सोलं, वरून. आवाज: नुसता सुपाचा आणि कावळ्याचा.
४ ते ८ सेकंद. दृश्य: बाटलीचं बूच उघडतं, चमचा भरतो. आवाज: ‘दोन चमचे आगळ. चवीपुरती साखर. चिमूटभर जिरेपूड.’
८ ते १२ सेकंद. दृश्य: पेल्यातल्या पाण्यात लाल धार उतरते. आवाज: ‘आणि माठातलं पाणी.’

यात एकही दावा नाही, तरी तोंडाला पाणी सुटतं. दोन चमचे हे प्रमाण लेबलवर असेल तेच हवं. पटकथा मोठ्याने, घड्याळ लावून, दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घ्या. लिहिणाऱ्याला ओळी पाठ असतात, त्यामुळे तो नेहमी वेगाने वाचतो.

संगीत: एका गाण्यात तीन मालक

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. गाण्याचे शब्द ही एक कृती, चाल ही दुसरी आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. तिघांचे हक्क वेगळे, मुदतही वेगळी. शब्द आणि चाल यांना कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षं संरक्षण मिळतं. मोजणी मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून सुरू होते. ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षं, मोजणी तशीच.

तुकोबांचा अभंग घ्या. शब्द सतराव्या शतकातले, सगळ्यांना मोकळे. पण जी चाल तुमच्या डोक्यात घोळतेय ती बहुधा विसाव्या शतकातल्या संगीतकाराची आहे आणि जे रेकॉर्डिंग फोनमध्ये आहे ते एखाद्या कंपनीचं. अभंग वापरायचा तर शब्द घ्या, चाल नवी बांधा आणि वर्गमैत्रिणीकडून गाऊन घ्या.

पन्नासच्या दशकातलं गदिमांचं गीत घ्या. त्या रेकॉर्डवरचं ध्वनिमुद्रणाचं संरक्षण संपलेलं असेल, म्हणून मुलं खूश होतात. पण गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरीपर्यंत आहे. सुधीर फडके २००२ साली गेले, म्हणजे त्यांनी बांधलेली चाल २०६२ पर्यंत. रेकॉर्ड मोकळी, पण तिच्यातलं गाणं मोकळं नाही.

बहिणाबाई चौधरींच्या ओळी कोकणातल्या नसल्या तरी घरगुती मालाच्या जाहिरातींत फार वापरल्या जातात. त्या १९५१ साली गेल्या आणि त्यांच्या गीतांचा संग्रह १९५२ साली आला. मरणोत्तर प्रकाशित कृतीची मुदत मृत्यूपासून नव्हे, प्रकाशनापासून मोजतात. म्हणून ती २०१२ च्या अखेरीस संपली. शब्द आज मोकळे आहेत. पुढे कोणी दिलेल्या चालींचा हिशोब वेगळा.

आता काही गैरसमज. ‘तीस सेकंदांपेक्षा कमी वापरलं तर चालतं’ असं कायद्यात कुठेही नाही. सात सेकंदांचंही नाही. ‘सौजन्य’ लिहिलं की परवानगी मिळते असंही नाही, ते फक्त कर्त्याचं नाव झालं. ‘मी विद्यार्थी आहे’ हे मात्र अर्धं खरं आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेली प्रत उल्लंघनातून वगळली आहे आणि कॉलेजच्या कार्यक्रमात विद्यार्थी, कर्मचारी, पालक यांच्यापुरतं सादरीकरणही. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात २०१६ साली उच्च न्यायालयाने ‘शिकवण्याच्या ओघात’ या शब्दांचा अर्थ बराच व्यापक लावला, पण तो वाचनसाहित्याच्या प्रतींबद्दल. तुमची जाहिरात वर्गात दाखवेपर्यंत या कलमाचा आधार घेता येईल. बचत गटाने ती इन्स्टाग्रामवर टाकली की ती व्यापारी जाहिरात झाली आणि विद्यार्थी असण्याची ढाल गळून पडली. समीक्षेसाठीची सूटही अशीच. दुसऱ्याच्या जाहिरातीवर टीका करणारा व्हिडिओ करताना तिचे तुकडे दाखवता येतात, पण स्वतःची जाहिरात सजवायला नाही.

मग संगीत आणायचं कुठून? माझ्या मते विद्यार्थ्यांसाठी सर्वात चांगला मार्ग म्हणजे संगीत शिकणारा मित्र. तीस सेकंदांची पेटी आणि टाळ पुरेसे असतात. फक्त त्याच्याशी लेखी करार करा. त्याच कायद्याचं कलम १९ इथे फार उपयोगी आहे आणि फार कमी जणांना ठाऊक असतं. हक्क हस्तांतरण लेखी आणि सही केलेलं नसेल तर ते वैधच नाही. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो. हस्तांतरणानंतर वर्षभरात हक्क वापरला नाही आणि करारात वेगळं काही नसलं, तर ते हस्तांतरण रद्द झालं असं मानतात. म्हणून करारात कृतीचं नाव, कोणते हक्क, किती वर्षं, ‘संपूर्ण जग’, कोणती माध्यमं आणि मोबदला हे सहाही मुद्दे हवेत. मोबदला एक रुपया असला तरी आकडा लिहा.

दुसरा मार्ग यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीचा. तिसरा क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे कर्त्याने ठरावीक अटींवर आधीच दिलेल्या खुल्या परवान्याचा, पण त्यात अक्षरं वाचा. ‘बीवाय’ म्हणजे श्रेय देऊन वापरा. ‘एनसी’ असेल तर व्यापारी वापर नाही, म्हणजे जाहिरातीत नाहीच. ‘एनडी’ असेल तर बदल करता येत नाही आणि संगीत चित्राला जोडणं हासुद्धा बदलच धरला जातो. ‘रॉयल्टी-फ्री’ म्हणजे फुकट नव्हे. एकदा पैसे भरले की दर वापरागणिक भरावे लागत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. इन्स्टाग्रामवर आणखी एक सापळा आहे. तुमच्या वैयक्तिक खात्यावर दिसणारी गाजलेली गाणी व्यावसायिक खात्याला व्यापारी वापरासाठी मिळत नाहीत. तुमच्या फोनवर जुळलेली रील गटाच्या खात्यावर गेली की मुकी होते.

दशावतारातली झांज आणि पेटी घ्यायचा मोह सिंधुदुर्गात होणारच. परंपरा कोणाच्या मालकीची नाही, पण त्या रात्री वाजवणाऱ्या कलाकारांना सादरकर्त्याचे हक्क असतात, तेही ५० वर्षं. मंडळाच्या मालकाची तोंडी परवानगी पुरत नाही. ज्यांचा आवाज किंवा चेहरा येतो त्या प्रत्येकाची सही हवी, आणि मानधन द्या.

प्रसिद्ध गायकाचा आवाज एआयने बनवून लावण्याची कल्पना कोणाला सुचली, तर त्याला मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये आवाजाच्या अशाच नकलेविरुद्ध गायक अरिजित सिंग यांच्या बाजूने दिलेला अंतरिम आदेश वाचायला द्या.

माणसं, जागा, अक्षरं

कॅमेऱ्यात ओळखू येणाऱ्या प्रत्येकाचं संमतीपत्र मराठीत करा, कारण सही करणाऱ्याला ते वाचता आलं पाहिजे. जाहिरातीसाठी वापर, माध्यमं, मुदत, मोबदला आणि तारीख एवढं एका पानात मावतं. लहान मूल घ्यायचं असेल तर निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. बैल किंवा म्हैस दृश्यात आणायची तर भारतीय पशुकल्याण मंडळाची परवानगी शूटच्या आधी काढावी लागते. तीस सेकंदांसाठी ही उठाठेव परवडत नाही, म्हणून बैल पटकथेतच काढून टाका.

सिंधुदुर्ग किल्ला मालवणच्या दांडी किनाऱ्यावरून दुरून दिसला तर हरकत नाही. पण केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या आत व्यावसायिक चित्रीकरण करायचं तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी हवी, आणि ती आठवड्याभरात हातात येईल असं धरून शूटची तारीख ठरवू नका. खासगी घर किंवा दुकान असेल तर मालकाची सही पुरते.

दुकानाच्या भिंतीवरचं कॅलेंडर पार्श्वभूमीत ओझरतं आलं तर कलम ५२ सूट देतं, कारण ती पार्श्वभूमीतली कलाकृती आहे. पण दुकानात चालू असलेला टीव्ही किंवा रेडिओ त्या सवलतीत बसत नाही, शिवाय कट केल्यावर त्याचा आवाज मध्येच तुटलेला ऐकू येतो. दोन्ही बंद करायला सांगा. शेजारच्या ब्रँडच्या बाटल्या पाठमोऱ्या फिरवा. दुसऱ्याचा माल वाईट दिसेल असं काहीही नको.

अक्षरांना म्हणजे फाँटलाही परवाना असतो. कोणीतरी पेन ड्राइव्हवर दिलेला फाँट वापरू नका. ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्त आणि बलू हे फाँट ओपन फाँट लायसन्स या खुल्या परवान्याखाली आहेत, जाहिरातीत चालतात. मजकूर सॉफ्टवेअरमध्ये टाकल्यावर ‘दुसऱ्या’, ‘क्षण’, ‘शर्करा’ हे शब्द लिहून पाहा. जोडाक्षर फुटलं किंवा वेलांटी भलत्या अक्षरावर गेली तर दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय सेटिंगमध्ये चालू करा. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसत असतील तर भाषा मराठी निवडा. ज्या फाँटमध्ये मराठी वळण आहे तो बदलून देतो.

शूट: लाल रंग आणि पन्नास हर्ट्झ

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. म्हणून २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. फोन मूळ सेटिंगमध्ये ३० फ्रेमवर असतो. ट्यूबलाइटखाली त्याचं शटर १/६० झालं की चित्रावर पट्टे सरकताना दिसतात. ते एडिटिंगमध्ये सहजासहजी जात नाहीत. मॅन्युअल ॲपमध्ये शटर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स आणि फोकस चारही लॉक करा, नाहीतर पेला हलला की रंग बदलतो. ४के मोडमध्ये घ्या. ३८४० बाय २१६० मधून उभी चौकट कापली तर १२१५ पिक्सेल रुंदी मिळते, जी १०८० च्या रीलला पुरते. फुल एचडीतून कापली तर जेमतेम ६०७ मिळते आणि चित्र फुटतं.

कोकमाचा लाल रंग कॅमेऱ्याला जड जातो. एकूण उजेड बरोबर दिसत असला तरी लाल चॅनेल आधीच भरून वाहतो आणि सरबताचा सपाट, प्लास्टिकसारखा डाग होतो. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतलेला उजेड, अर्ध्या ते पाऊण स्टॉपने खाली घ्या आणि एडिटिंग सॉफ्टवेअरच्या आरजीबी परेडमध्ये (लाल, हिरव्या, निळ्याची पातळी वेगवेगळी दाखवणाऱ्या आलेखात) एक चाचणी शॉट तपासूनच पुढे जा. स्वस्त एलईडीखाली हाच लाल विटकरी दिसतो, कारण त्या दिव्यांत गडद लाल कमी असतो. सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचं माप) ९५ च्या वर असलेला दिवा भाड्याने घ्या किंवा सरळ खिडकीचा उजेड वापरा, मात्र खोलीतला दिवा बंद करून.

पेल्यामागे पेल्यापेक्षा थोडा लहान कापलेला पांढरा पुठ्ठा उभा करा आणि दिवा मागच्या बाजूने त्यावर सोडा. सरबत आतून उजळतं. पेल्याबाहेरच्या थेंबांसाठी ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात फवारा, ते तासभर ओघळत नाहीत. पण आगळ फिकं दिसतं म्हणून खायचा रंग टाकू नका किंवा लेबलवरच्या प्रमाणाच्या दुप्पट ओतू नका. विकायची वस्तूच बदलून दाखवली की ती दिशाभूल झाली. रंग उजेडाने आणा.

आवाज ४८ किलोहर्ट्झवर, सर्वांत मोठा उच्चार उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान. फ्रिज आणि पंखा बंद करा. फ्रिज बंद केल्याक्षणी स्कूटरची चावी त्यात ठेवा, म्हणजे निघताना फ्रिज पुन्हा चालू करायचं विसरणार नाही. प्रत्येक जागेचा तीस सेकंदांचा नुसता शांत आवाज वेगळा घ्या. कटांमधली पोकळी त्याने भरते. व्हॉइसओव्हर गाद्या-रजया टांगलेल्या खोलीत, तोंड माइकपासून वीतभर दूर ठेवून करा.

एडिट आणि सुपूर्द करायच्या फाइली

फोनचा व्हिडिओ बदलत्या फ्रेमवेगाचा असतो. टाइमलाइनवर आवाज हळूहळू ओठांपासून सरकू लागला, तर कारण हेच. आधी हँडब्रेकसारख्या मोफत साधनाने सगळ्या क्लिप स्थिर २५ फ्रेमवर आणा. एडिट संगीताशिवाय करा, फक्त आवाज आणि शांततेवर. तीस सेकंद तशीच उभी राहिली तर संगीत कधीही बदलता येतं.

अटीची ओळ असेल तर १०८० च्या चौकटीत निदान ४० पिक्सेल उंचीची, एकसंध पार्श्वभूमीवर ठेवा आणि ती फोनवर हातभर अंतरावरून वाचून पाहा. यूट्यूबसाठी आवाजाची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास, टीव्हीसाठी वाहिनी मागेल ती, बहुतेक वेळा उणे २३. आडवी, उभी आणि मथळे (पडद्यावरचा मजकूर) नसलेली अशा तीन फाइली द्या. मथळे नसलेली प्रत नसली, की फोन नंबर बदलल्यावर सगळं पुन्हा करावं लागतं.

हक्कांची फाइल

प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ‘हक्क’ नावाचं उपफोल्डर पहिल्या दिवशीच करा. त्यात करार, संमतीपत्रं, जागेची परवानगी, दाव्यांचे पुरावे, फाँटचा परवाना आणि प्रत्येक डाउनलोड केलेल्या ध्वनी-चित्राच्या परवाना पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. संकेतस्थळं परवान्याच्या अटी बदलतात. तुम्ही घेतलं त्या दिवशी काय लिहिलं होतं, हे दाखवता आलं पाहिजे. एका तक्त्यात काय, कोणाचं, कोणत्या परवान्याने, कधीपर्यंत आणि जाहिरातीत कुठल्या सेकंदाला हे रकाने भरा. या फोल्डरची प्रत बचत गटालाही द्या.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. कृती तयार झाली की हक्क आपोआप येतो. जाहिरातीपुरतं संमतीपत्रं आणि करार जास्त कामाला येतात.

सगळं चोख असूनही यूट्यूबवर कंटेंट आयडीचा, म्हणजे ओळखीचं संगीत आपोआप पकडणाऱ्या यंत्रणेचा, दावा येऊ शकतो, विशेषतः स्टॉक (परवान्यासह तयार मिळणाऱ्या) संगीतावर. अशा वेळी व्हिडिओ काढून टाकू नका. परवान्याचा क्रमांक देऊन दाव्याला हरकत नोंदवा. दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, म्हणून हंगामाच्या महिनाभर आधीच फाइल खासगी स्वरूपात चढवून तपासा. दावा आणि स्ट्राइक (कॉपीराइट भंगाबद्दल चॅनेलवर पडणारा ठपका) या वेगळ्या गोष्टी आहेत. स्ट्राइक ९० दिवस राहतो आणि तीन झाले की चॅनेल बंद होऊ शकतं. तुमच्याकडे परवाना नसेल तर हरकतीच्या भानगडीत न पडता संगीत बदला. संगीताशिवाय बांधलेल्या एडिटमध्ये हे काम अर्ध्या तासाचं असतं.